सुटलेली होडी आणि गार पाण्यातली दहा मिनिटे

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा एक आकडी होतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. त्याच दिवसांत त्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला हजारो पाहुणे पक्षी उतरलेले असतात. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेल्या या पाणथळीवर पक्षी पाहायला लोक येतात, ते काठावरून पाहतात आणि परत जातात. वन्यजीव विभागात नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना मात्र अशा ठिकाणी पहाटेच्या धुक्यातही पाण्याजवळ, कधी पाण्यावर, काम करावे लागते. होडीत बसायची वेळ आली की त्यांना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: पोहता येते का?

गोदाकाठी वाढलेला मुलगा हो म्हणणारच. पण गार पाण्यात हे उत्तर पुरेसे नसते. अंगात कपडे आणि पायांत बूट असताना, अचानक गार पाण्यात पडल्यावर शरीराचे काय होते, हा वेगळाच विषय आहे. थंड प्रदेशांतल्या काही देशांत वन्यजीव रक्षकांच्या नव्या तुकड्यांना प्रशिक्षणातच गार पाण्यात उतरवून हा धडा दिला जातो. त्या धड्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सुमारे १३० वर्षांपूर्वी एका नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने स्वतःच्या अंगावर अनुभवली होती. त्यांचे नाव फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. त्या शहराला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत, आज ते ऑस्लो आहे. वडील वकील होते. घरामागे जंगल होते, आणि बर्फावर स्की करणे, मासे धरणे, रानात एकट्याने रात्र काढणे हे या मुलाचे बालपणच होते. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले, कारण त्या विषयात घराबाहेर राहायला मिळेल असे त्यांना वाटले. १८८२ मध्ये, विशीतच, सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून ते उत्तर ध्रुवीय समुद्रात गेले. त्या काही महिन्यांत त्यांनी समुद्राच्या पाण्याचे तापमान, बर्फाची हालचाल आणि प्राण्यांची शरीररचना यांच्या नोंदी केल्या.

परत आल्यावर त्यांना बर्गन शहरातल्या संग्रहालयात नोकरी मिळाली. हे बर्गन वैद्यकाच्या इतिहासात कुष्ठरोगामुळे प्रसिद्ध आहे. संग्रहालयाची धुरा डॅनिएल्सन या कुष्ठरोगतज्ज्ञाकडे होती, आणि कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे आर्मोअर हान्सेन त्याच गावात काम करत होते. अशा वातावरणात नान्सेन सूक्ष्मदर्शकाकडे वळले. खालच्या दर्जाच्या सागरी प्राण्यांची मज्जासंस्था कशी बांधलेली असते, हा त्यांचा विषय. १८८६ मध्ये ते इटलीत पाविया येथे कामिल्लो गोल्जी यांच्याकडे गेले आणि चेतापेशी रंगवून पाहण्याची पद्धत शिकून आले. चेतातंतू एकमेकांत मिसळून एक सलग जाळे बनते, असे त्या काळी अनेकांचे मत होते. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, या आज सर्वमान्य असलेल्या विचाराच्या बाजूने पुरावा मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत नान्सेन होते. १८८८ मध्ये त्यांना याच कामावर डॉक्टरेट मिळाली.

प्रबंधाची परीक्षा आटोपून काही दिवस झाले नाहीत, तोच ते ग्रीनलँडकडे निघाले. ग्रीनलँडचा आतला बर्फाचा पठारी भाग तोवर कोणीही आडवा ओलांडला नव्हता. आधीचे प्रयत्न वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्याकडून झाले होते, आणि परतीची वाट मागे असल्यामुळे लोक परतही येत. नान्सेन यांनी सहा जणांची तुकडी ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरवायचे ठरवले, म्हणजे पुढे जाण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. बेत धाडसी होता, तरी तयारी बारकाईची होती. हलक्या घसरगाड्या, कमी इंधनात बर्फ वितळवून अन्न शिजवणारी शेगडी आणि लोकरीचे एकावर एक थर असलेले कपडे त्यांनी मुद्दाम करून घेतले. शरीराची ऊब टिकवायची तर घाम बाहेर पडला पाहिजे आणि थर कमीजास्त करता आले पाहिजेत, हे त्यांना कळले होते. जाडजूड एका कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, हा सल्ला आज प्रत्येक गिर्यारोहकाला दिला जातो. मोहिमेच्या आरंभीच त्यांच्या होड्या बर्फात अडकल्या आणि तरंगत्या हिमखंडांवर बसून त्यांना कित्येक दिवस दक्षिणेकडे वाहत जावे लागले. तरीही ऑक्टोबर १८८८ मध्ये सहाही जण पश्चिम किनाऱ्यावर सुखरूप पोहोचले.

त्यानंतरची मोहीम जगप्रसिद्ध आहे. सायबेरियाजवळ बर्फात फुटलेल्या एका जहाजाचे अवशेष ग्रीनलँडला सापडले होते. त्यावरून नान्सेन यांनी अनुमान काढले की ध्रुवीय बर्फ सतत वाहत असला पाहिजे. मग बर्फाच्या दाबाने चिरडले न जाता वर उचलले जाईल असे गोलसर बुडाचे जहाज बांधले, ते मुद्दाम बर्फात अडकवले, तर ते आपोआप ध्रुवाकडे नेले जाईल. अनेक अनुभवी दर्यावर्दींनी हा बेत वेडेपणाचा ठरवला. १८९३ च्या जूनमध्ये फ्राम नावाचे ते जहाज निघाले, सप्टेंबरमध्ये बर्फात गोठले आणि खरोखरच वाहू लागले. मात्र ते ध्रुवावरून जाणार नाही असे दिसल्यावर १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन जहाज सोडून निघाले. बरोबर यालमार योहानसेन हा एकच सोबती, कुत्री, घसरगाड्या आणि दोन कयाक. कयाक म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या, एका माणसापुरत्या अरुंद होड्या. त्यांनी ८६ अंश १४ मिनिटांच्या आसपास उत्तर अक्षांश गाठले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीच पोहोचले नव्हते. तिथून ते माघारी वळले.

परतताना हिवाळा आडवा आला. फ्रान्झ जोसेफ लँडच्या एका निर्जन बेटावर त्यांनी दगडांची भिंत रचली, वर वॉलरसच्या कातड्याचे छप्पर घातले आणि त्या खोपटात अनेक महिने काढले. खायला अस्वलाचे आणि वॉलरसचे मांस, दिव्याला त्यांचीच चरबी. भाजी, फळे नसूनही ताज्या मांसामुळे त्यांना स्कर्व्ही झाला नाही, उलट दोघांचे वजन वाढले. मे १८९६ मध्ये ते पुन्हा दक्षिणेकडे निघाले.

१२ जून १८९६ च्या संध्याकाळी, दिवसभर होडीत बसून अवघडलेले पाय मोकळे करायला आणि पुढची वाट पाहायला, दोघे बर्फाच्या एका उंचवट्यावर चढले. दोन्ही कयाक एकमेकांना बांधून बर्फाच्या काठाला वॉलरसच्या कातड्याच्या एकाच वादीने अडकवले होते. वर पोहोचल्यावर योहानसेन यांचे लक्ष गेले, तर होड्या सुटून वाऱ्याबरोबर दूर चालल्या होत्या. अन्न, बंदुका, दारूगोळा, कोरडे कपडे, शेगडी असे जगण्याचे सगळे साधन त्यांत होते. दोघांकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज आणि एका घड्याळाखेरीज काहीही उरले नव्हते.

धावत खाली येऊन नान्सेन यांनी घड्याळ योहानसेन यांच्या हाती दिले, काही कपडे उतरवले आणि पाण्यात उडी घेतली. ते पाणी शून्य अंशाच्या आसपास होते.

त्यांच्या शरीरात काय घडत गेले असेल, हे आज क्रमाने सांगता येते. गार पाण्याचा पहिला तडाखा त्वचेला बसतो. त्वचेतल्या चेतातंतूंचा संदेश मेंदूकडे जातो आणि माणूस आपल्या इच्छेविरुद्ध एकदम मोठा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ फुप्फुसांत जाते, आणि उत्तम पोहणाराही काठापासून हाताच्या अंतरावर बुडू शकतो. पाठोपाठ धाप लागते. श्वास रोखून धरणे जवळजवळ अशक्य होते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके वाढतात. हृदय आधीच दुबळे असेल तर ठोक्यांची लय बिघडू शकते. याला गार पाण्याचा धक्का म्हणतात. हा धक्का साधारण एक ते तीन मिनिटांत ओसरतो. त्यासाठी पाणी बर्फाळच असावे लागते असेही नाही. १५ अंशांखालच्या पाण्यात तो तीव्र असतो, पण त्याहून पुष्कळ कमी गार पाण्यातही श्वास अडखळतो. हिवाळ्यात पहाटे गार पाण्याचा तांब्या अंगावर घेताना होणारी गत आठवली, तर त्याची कल्पना येईल.

नान्सेन यांनी हा पहिला टप्पा पार केला. दुसरा टप्पा याहून फसवा होता. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि सर्वांत आधी गार होतात ते हातपाय. स्नायू ताठरतात, चेतातंतूंतून जाणारे संदेश मंदावतात, बोटांची पकड सुटते. शरीराच्या आतले तापमान अजून नीट असते, माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, पण हातपाय ऐकेनासे होतात. होड्या वाऱ्याने पुढे सरकत होत्या आणि अंतर कमी होत नव्हते. नान्सेन यांना अंगाचा ताठरपणा जाणवू लागला. तेव्हा ते दमछाक करत पुढे रेटत राहिले नाहीत, तर पाठीवर वळले आणि उताणे पोहू लागले. त्यामुळे तोंड पाण्याबाहेर राहिले, श्वास सावरला आणि बर्फावर घालमेलीत येरझाऱ्या घालणारे योहानसेनही त्यांना दिसत राहिले. पुन्हा पालथे वळून पाहिले, तर होड्या थोड्या जवळ आल्या होत्या.

होडीला हात लागला तेव्हा खरी अडचण पुढे आली. हातांच्या जोरावर अंग वर ओढून घ्यायला बळच उरले नव्हते. क्षणभर त्यांना वाटले की आता उशीर झाला. मग होडीवर आडव्या ठेवलेल्या घसरगाडीच्या कडेला त्यांनी कसाबसा एक पाय अडकवला आणि त्या आधाराने ते वर चढले. हाताने जमेना तिथे पायाने साधले. वर आल्यावर ओल्या लोकरी सदऱ्यातून वारा आरपार जात होता, दात वाजत होते, आणि बांधलेल्या दोन होड्या वल्हवणे अवघड होते. तशा अवस्थेतही समोर दोन समुद्रपक्षी दिसल्यावर त्यांनी बंदूक उचलून ते टिपले. रात्रीच्या जेवणाची सोय झाली. काठावरच्या योहानसेन यांना मात्र त्यांचे डोके फिरले असेच वाटले.

काठाला लागल्यावर योहानसेन यांनी जे केले ते आजच्या कोणत्याही डॉक्टरला मान्य व्हावे. त्यांनी ओले कपडे उतरवले, होते ते कोरडे कपडे चढवले, नान्सेन यांना झोपण्याच्या पिशवीत आडवे केले आणि वरून शिड व हाती लागेल ते पांघरूण घातले. बराच वेळ थरथरत राहून नान्सेन झोपी गेले. उठले तेव्हा गरम जेवण तयार होते. पाच दिवसांनी, १७ जूनला, त्यांना कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले आणि त्याच बेटांवर आलेले इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन भेटले. ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला पोहोचले. काही दिवसांतच फ्राम जहाजही सगळ्या खलाशांसह सुखरूप परतले.

या पोहण्याकडे शौर्य म्हणून पाहणे सोपे आहे. वन्यजीव विभागाच्या नव्या उमेदवाराने मात्र त्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. पहिली म्हणजे ते पोहण्याची वेळच येऊ नये अशी होती. सगळा संसार एकाच वादीवर टांगून दोघेही होडीपासून दूर गेले, ही चूक होती. दुसरी, पाण्यात उतरण्याखेरीज त्यांना खरोखरच पर्याय नव्हता. होडी गेली असती तर मरण अटळ होते. गंगापूर धरणाच्या किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर तशी परिस्थिती नसते. तिथे सुटलेली होडी, पाण्यात पडलेला मोबाइल किंवा पाण्यात उडी मारून पळणारा शिकारी यांपैकी कशासाठीही गार पाण्यात झेप घेणे योग्य नाही. होडी दुसऱ्या दिवशी सापडते.

कॅनडातल्या संशोधकांनी हे सगळे लक्षात ठेवायला एक, दहा, एक अशी सोपी मोजणी दिली आहे. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास सावरण्याचे. पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बाहेर निघायचे किंवा आधार धरायचा. त्यानंतर गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. आपल्याकडचे पाणी तितके गार नसल्याने या वेळा लांबतात, क्रम तोच राहतो. म्हणजे पाण्यात पडताच गारठून मरण येत नाही. बहुतेक जण त्याआधीच, धक्क्याने किंवा हात थकून, बुडतात. लाइफ जॅकेटचे महत्त्व इथे आहे. पहिल्या मिनिटात ते तोंड पाण्याबाहेर ठेवते आणि दहा मिनिटांनंतर हात थांबले तरी माणसाला तरंगत ठेवते. होडीत पायाखाली ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगात चढवता येत नाही, कारण बोटे बंद लावू शकत नाहीत. ते आधीच घालायचे आणि पट्टे आवळायचे.

प्रशिक्षणातही हाच क्रम असतो. जॅकेट घालून, कमरेला दोर बांधून, काठावर मदतनीस आणि वैद्यकीय पथक असताना उमेदवाराला गार पाण्यात उतरवतात. पहिला मिनिटभर पोहायचे नाही, नुसते तरंगत श्वास शांत करायचा. मग उलटलेल्या होडीवर चढायचा सराव. अंग आडवे ठेवून, पाय मारत, पोटावर सरकत वर जायचे असते, कारण उभे राहून हातांनी ओढून घेणे जमत नाही. बाहेर निघता येत नसेल तर गुडघे छातीशी घेऊन, हात अंगाशी धरून ऊब राखायची. अनेक जण असतील तर एकमेकांना बिलगून राहायचे. पाण्यातल्या माणसाकडे काठावरून दोर किंवा काठी पुढे करायची, स्वतः उडी घ्यायची नाही. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांची आधी तपासणी हवी, आणि हा सराव कोणी एकट्याने, हौसेखातर करू नये.

बाहेर काढल्यानंतरचे नियमही योहानसेन यांच्या कृतीपेक्षा फार वेगळे नाहीत. माणसाला आडवे ठेवावे, लगेच उभे करून चालवू नये. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण द्यावे, डोके झाकावे. हातपाय चोळू नयेत, शेकोटीच्या अगदी जवळ नेऊ नये, आणि मद्य तर मुळीच देऊ नये, कारण त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि उरलीसुरली ऊब निघून जाते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा चालतो. हुडहुडी थांबली आणि माणूस गुंगीत बोलू लागला, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे, असे समजून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे. अंग गार आहे एवढ्यावरून माणूस गेला असे ठरवू नये. गारठलेला मेंदू प्राणवायूवाचून अधिक काळ तग धरतो, आणि अशी माणसे वाचल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत.

नान्सेन पुढे क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, आधी प्राणिशास्त्राचे आणि १९०८ पासून सागरविज्ञानाचे. खोल समुद्रातले पाणी आणि त्याचे तापमान अचूक मिळवणारी त्यांच्या नावाची बाटली अनेक दशके जगभरच्या जहाजांवर वापरली गेली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. युद्धकैद्यांना घरी पोहोचवणे, १९२१ च्या रशियातल्या दुष्काळात अन्न पोहोचवणे, देश हरवलेल्या निर्वासितांना ओळखीचे कागद मिळवून देणे ही कामे त्यांनी राष्ट्रसंघाच्या वतीने आणि स्वतंत्रपणेही केली. नान्सेन पासपोर्ट नावाच्या त्या कागदावर असंख्य निर्वासितांना नव्या देशांत पाऊल ठेवता आले. १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १३ मे १९३० रोजी, ६८ व्या वर्षी, हृदयविकाराने राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

ही सगळी कामे १२ जून १८९६ नंतरची आहेत. होडीपासून दोन हातांवर असताना त्यांचे अंग आणखी थोडे ताठरले असते, तर निर्वासितांचा तो पासपोर्ट नसता आणि फ्रान्झ जोसेफ लँडच्या बर्फावर योहानसेन हाती घड्याळ घेऊन एकटे उरले असते. नान्सेन शरीराने दणकट होते, थंडीला सरावलेले होते, उताणे वळून श्वास सावरण्याचे भान त्यांना होते आणि काठावर सोबती होता. एवढे सगळे असूनही ते जेमतेम वाचले. निफाडच्या थंडीत होडीवर चढणाऱ्या नव्या वनरक्षकाकडे यांतले किती असेल, हे सांगता येत नाही. जॅकेटचे पट्टे आवळणे, होडी दोन दोरांनी बांधणे आणि काठावर एक जण ठेवणे मात्र त्याच्या हातात आहे.